दोन ठिपक्यांचं कापड

हलीमा, तुझं सूप अजून मागच्या दाराशीच आहे. तिकोणा पेठेहून आणलेले बिब्बे त्यात तसेच पडलेत, काही काळे झालेले, काही अजून हिरवट. रिठ्यांची गोण तर तू सोडलीही नव्हतीस. परवा आपला कासम नोकरीवरनं आला आणि पाय ठेचाळला म्हणून सूप उचलायला वाकला, तर मी त्याच्यावर खेकसलो. पोरानं सूप होतं तिथंच ठेवलं. मग माझं मलाच हसू आलं. ते सूप वाटेतनं उचल म्हणून इतकी वर्षं तुझ्याशी भांडणारा मीच की.

तुझा चाळिसावा अजून व्हायचाय. माणसं येतात, दुकानाच्या फळीवर टेकतात आणि म्हणतात, बाई नशीबवान, नवऱ्याच्या हातची माती मिळाली. मी मान हलवतो. नवऱ्याच्या हातनं तुला आणखी काय मिळालं, किंवा काय मिळालं नाही, ते त्यांना ठाऊक नाही. तुला तिकडं कळलंय की नाही, तेही मला ठाऊक नाही. म्हणून हे सांगायला बसलोय. तू समोर असतीस तर मला एवढं सलग बोलू दिलं नसतंस, ही गोष्ट वेगळी.

दिवाळी झाली की तुला घर टोचायला लागायचं. काहीतरी निमित्त काढून माहेरी जायचीस. भावजयीला घेऊन तिकोण्याच्या उतारावर हिंडायचीस, आणि परत येताना कामशेतपर्यंत बैलगाडी आणि पुढं रेल्वे असा तुझा गोणीसकट प्रवास. मी लोणावळ्याच्या टेसनावर तुला घ्यायला यायचो खरा, पण उभा राहायचो पार टोकाला, हमालांच्या मागं. त्याच गाडीनं बंगल्यावाली माणसं उतरायची. माझ्याच दुकानातनं चहा-बिस्किटं नेणारी माणसं. त्यांच्यादेखत माझी बायको डोक्यावर गोण आणि काळे झालेले हात घेऊन उतरणार, हे माझ्या जिवावर यायचं. तुला ते सगळं कळायचं. लांबूनच ओरडायचीस, "अवो, लपू नका. दिसलात." मग गोण माझ्या अंगावर टाकून पुढं चालू पडायचीस. त्या टेसनावर मला जेवढी लाज वाटली त्याच्या दुप्पट आता वाटते, आणि आता ती कुणाच्या मागं लपवावी तेही समजत नाही.

त्या गोणीवर आपलं घर वर्षभर चालायचं, हे मी तू असताना एकदाही तोंडानं कबूल केलं नाही. खोकल्याला बेहड्याची साल. तुझ्या केसांना, माझ्या लोकरी बंडीला आणि तुझ्या चांदीच्या बांगड्यांना रिठा. टाचेच्या भेगांना बिब्ब्याचं तेल, तेही सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरून थेंब थेंब काढलेलं. कासम लहान असताना बिब्ब्याच्या टोकाचा तो नारिंगी गर सुकवून, भाजून त्याला द्यायचीस. आणि ईदेला शीरखुर्म्यात चारोळीच्या जोडीला गोडंबी. बिब्बा फोडून आतली गोडंबी काढायचं काम तू राख चोळलेल्या हातांनी करायचीस आणि मला दारातच थांबवायचीस. शीरखुर्मा खाऊन लोक म्हणायचे, दुकानदाराच्या घरी सुक्या मेव्याला काय तोटा. मी तेही ऐकून घ्यायचो.

साबणाचं भांडण तर आपलं मिटलंच नाही. दुकानात साबणाच्या वड्यांची उतरंड, आणि घरात एक वडी यायची नाही. मी म्हणायचो, "दुकानदाराच्या बायकोनंच साबण वापरायचा नाही, तर गिऱ्हाइकानं का वापरावा?" तू म्हणायचीस, "गिऱ्हाइकाच्या दारात झाड न्हाई. माझ्या भावाच्या दारात हाय." मग ही जर्मन-जपानची लढाई आली आणि साबण मिळेनासा झाला. तू म्हणालीस, रिठे ठेवा फळीवर. मी म्हटलं, जंगलातल्या बिया विकायला मी काय आठवड्याच्या बाजारात बसलोय? दुसऱ्या दिवशी पाटीभर रिठे आणून पायरीवर ठेवलेस आणि आत निघून गेलीस. पाटी रिकामी झाली. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, तूही नाही. संध्याकाळभर मात्र चुलीपाशी गुणगुणत होतीस, मुद्दाम मला ऐकू येईल असं.

पण मला जे सांगायचंय ते बिब्ब्याच्या खुणांचं.

परटानं एकदा माझा सदरा भलत्याच घरी दिला आणि कुणाचा तरी ढगळा सदरा आपल्याकडं आला. मी तो घालून दुकानात बसलोही. तेव्हापासून तू परटाच्या खुणांवरचा विश्वास सोडलास आणि स्वतः खुणा करायला लागलीस. बिब्ब्याला बाभळीचा काटा टोचायचा, कापडाच्या कोपऱ्यावर ठिपका द्यायचा आणि वर चुन्याचं बोट लावायचं. मग तो ठिपका असा काळा व्हायचा की कापड विरलं तरी जायचा नाही. मला एक ठिपका, तुला दोन, कासमला तीन. घरात चौथं माणूस आलं असतं तर पंचाईत होती, असं तू म्हणायचीस, आणि दुसरं मूल झालं नाही याचं दुःख तेवढ्या एका वाक्यात उरकायचीस.

पहिल्या खेपेला माझ्या सदऱ्याची खूण तू गळपट्टीला केलीस. मान अशी सुजली की मला खाली बघता येईना. मला बिब्बा उततो, हे मला आणि तुला त्या दिवशीच कळलं. गिऱ्हाईक विचारायचं, "काय शेठ, काय चावलं?" तू तीळ आणि खोबरं वाटून मानेला थापत होतीस, एकीकडं हसत होतीस आणि एकीकडं डोळे पुसत होतीस. "एवढ्याशा ठिपक्यानं माणूस फुगतो व्हय? कातडं हाय का पापड?" त्यानंतर माझी खूण खाली, सदऱ्याच्या टोकाला गेली. तरी तुझं समाधान होईना. प्रत्येक खुणेच्या मागं तू एक बोटभर चिंधी शिवायचीस, ठिपका माझ्या अंगाला लागू नये म्हणून. धोतर असो, लुंगी असो, चादर असो, माझ्या ठिपक्याला मागनं चिंधी. तुझ्या कपड्यांना चिंधी नसायची. तुला बिब्बा कधी उतलाच नाही.

मग आपले मामू हज करून आले. येताना आपल्या दोघांसाठी मक्केच्या जमजमच्या पाण्यात बुडवलेलं पांढरं कापड घेऊन आले, कफनाचं. तू ते डोळ्यांना लावलंस, पेटीत ठेवलंस, वर कापूर ठेवलास. मलाही बरं वाटलं. पुढच्या थंडीत एके दुपारी मी जेवायला घरी आलो, तर मागच्या अंगणात चटईवर दोन्ही चादरी पसरलेल्या आणि तू हातात काटा घेऊन बसलेली.

"हे काय चाललंय?"

"खुणा करतेय."

"कफनाला? अगं, ते काय परटाकडं जाणार आहे?"

"परटाकडं न्हाई जात. पर तितं केवढी गर्दी असंल. समदी पांढरीच. मी तुमाला हुडकू कशी?"

माझ्या डोक्यात सणक गेली. कफन कोरं असतं, पाक असतं, त्याला डाग लावतात का, असं काय काय मी बोललो. वर शहाणपण शिकवलं की कयामतीच्या दिवशी सगळे उठतात तेव्हा कुणाच्याच अंगावर कापड नसतं, मौलवीसाहेबांना विचार. तू काटा थांबवलास. थोडा विचार केलास.

"मग कापडातनं कातड्यात उतरंल," म्हणालीस. "तुमच्या तर उतरंलच."

"तोबा कर, हलीमा."

"केली. आता सरका तिकडं, माझ्या उजेडात उभं ऱ्हाऊ नका."

मी जेवण तसंच टाकून दुकानात गेलो. संध्याकाळी तू चहा पाठवलास, तोही मी गार होऊ दिला. घरी आल्यावर तुला निक्षून सांगितलं की असलं डागाळलेलं कापड मी अंगावर घेणार नाही. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "तुमचा एक, माझे दोन. तेवढं ध्यानात ठेवा." बस. त्यावर आपण परत कधी बोललो नाही. मला वाटलं विषय संपला. तुला वाटलं असेल, मला पटलं.

तुझ्या तापाबद्दल मी काही बोलणार नाही. तो कसा चढला आणि कसा उतरला नाही, हे तुझ्या माझ्यात राहू दे.

त्या दिवशी दारात माणूस मावत नव्हतं. पुण्याहून पाहुणे आले, बाजार बंद ठेवून शेजारचे दुकानदार आले, जमातीची जाणती मंडळी फळीवर बसली. फातमाखाला आत होती. आपल्या मागच्या घरातली, बायांच्या मयताला गुसल देणारी, म्हणजे शेवटची अंघोळ घालणारी, तुझी जिवाभावाची. तिनं आतनं हाक दिली, "भाऊ, कापड द्या." मी पेटी उघडली. तुझी चादर वरच होती. उलगडली, आणि कोपऱ्यावर ते दोन काळे ठिपके.

हलीमा, बिब्ब्याच्या ठिपक्याचा अर्थ सगळ्या बाजाराला एकच. कापड परटाकडं जाऊन आलेलं आहे, वापरलेलं आहे, धुतलेलं आहे. मला वाटलं, हे सगळे म्हणणार, जन्मभर दुकान चालवलं आणि शेवटी बायकोला जुनी चादर गुंडाळून पोचवली. माझ्या कानशिलांत गरम व्हायला लागलं. कासम शेजारी उभा होता. म्हणाला, "अब्बा, हेच ना? अम्मानं ठेवलेलं?" मी म्हटलं, "गप्प बस." आणि पेटीचं झाकण लावलं.

सध्या कापडाचं कंट्रोल. सरळ हातानं वीतभर मिळत नाही. मी कापडवाल्या शेठच्या मागच्या दारानं गेलो, त्याच्यापुढं हात जोडले आणि मयतासाठी म्हणून नवं कोरं कापड घेऊन आलो. तू त्यात गेलीस. कुठंही डाग नाही, खूण नाही, काही नाही. कबरस्तानातनं परतताना एकजण मला म्हणाला, "या दिवसांत एवढं झकास कापड मिळवलंत, कमाल आहे." आणि मला ते ऐकून बरं वाटलं. तुझ्या मातीचे हात अजून धुतले नव्हते आणि मला बरं वाटलं. हे मी कासमलाही सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, फातमाखाला माझ्यापाशी येऊन बसली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "भाऊ, तिनं मला लय येळा सांगून ठेवलं होतं. पायाकडच्या टोकाला दोन ठिपके असत्याल, ते आत दुमडू नगंस, वर दिसू दे. मी चारी टोकं बघितली. न्हाई घावले. कुटं केलं होतं तिनं?"

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

"इसरली असंल मग बिचारी."

"असेल," मी म्हटलं.

जाताना तिनंच सांगितलं की त्या ठिपक्यांची गोष्ट तू अर्ध्या आळीला सांगितली होतीस. सगळ्या बाया पोट धरून हसल्या होत्या, आणि एकीनं तर बिब्बा मागून नेला होता. म्हणजे ज्यांच्यापुढं माझी लाज जाणार होती ते सगळे आधीपासून जाणून होते. आणि जी बाई कधी चुलीवरचं दूध विसरली नाही, तिच्या नावावर मी विसरल्याचा ठपका लावून मोकळा झालो. तू तो झटकायला येणार नाहीस, हे मला माहीत होतं ना.

दुसऱ्या दिवशी मी दुकान न उघडता पेटीपाशी बसलो. तुझ्या चादरीला हात लावायचा धीर होईना, म्हणून माझी काढली. कोपऱ्यावर एक ठिपका, नीट, गोल. घडी परत घालायला लागलो तर बोटाला काहीतरी जाडसर लागलं. कोपरा उलटा केला. मागनं चिंधी होती.

मलमलची, बोटभर, बारीक टाक्यांची. माझ्या कफनाच्या ठिपक्याला तू मागनं चिंधी शिवली होतीस, मला कबरीत उतू नये म्हणून.

मला आधी हसू फुटलं. अगं येडे, मेलेल्या माणसाला बिब्बा उतत नाही. पण तुझं आपलं एक असणार, उतला तर तिथं तीळ-खोबरं वाटून कोण देणार. मग माझं काय झालं ते मी सांगत नाही. तूच म्हणाली होतीस ना, ठिपका कातड्यात उतरेल आणि मग मला ओळखशील? आणि त्याच ठिपक्याला अस्तर लावून ठेवलंस, तो कातड्यापर्यंत पोचूच नये म्हणून. मी सापडणं आणि माझी मान न सुजणं, यात तू माझी मान निवडलीस. माझ्यापुढं तुझी खूण आणि लोकांची तोंडं होती, आणि मी काय निवडलं ते तू अंगावर घेऊन गेलीस. वाईट वाटणं मला ठाऊक आहे, आईबाप गेले तेव्हा वाटलंच होतं. ही नुसती शरम आहे.

काल फातमाखाला तुझे कपडे वेगळे करायला आली, गरिबांना वाटायचे ते. कासम मदतीला होता. मी नको म्हणायच्या आत तिनं पेटी उघडली, आणि तुझी चादर हाती घेतली. कोपरा बघितला. माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो.

"हितंच होतं व्हय," ती एवढंच म्हणाली. ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिनं चादरीची परत घडी घातली. "भाऊ, झालं ते झालं. पर कंट्रोलचे दिवस हायत. गरिबाच्या मयताला कापड मिळत न्हाई, लोकं पोती उसवत्यात. हे मशिदीत देऊन टाका. कुणाची तरी अब्रू झाकंल. तिला बी सवाब लागंल."

तिचं काहीच चुकत नव्हतं. पेटीत एक कापड पडून आणि कुणाचं मयत पोत्यात, हे तुलाही आवडलं नसतं. मी उठलो, माझी चादर काढली आणि तिच्या हातात दिली.

"हे द्या."

"हे तुमचं हाय भाऊ."

"माझंच द्या. तिचं मी ठेवतो. मला."

फातमाखालाच्या बोटांना मागची चिंधी लागली. ती नखानं टाका उसवायला लागली, मयताच्या कापडाला ठिगळ कशाला म्हणून. मी म्हटलं, "राहू द्या. कुणालाही उतू शकतो." तिनं मग ती तशीच घडी घातली.

म्हणून तुला हे सांगतोय, हलीमा, नीट ऐक. तिथं एक ठिपका दिसला तर तो मीच असं समजून मागं जाऊ नकोस. तो कुणीतरी दुसराच असेल, बिचारा गरीब माणूस. त्याला पाणी दे, चार शब्द बोल, पण त्याच्या मागं जाऊ नकोस. तुझ्या अंगावर तर खूण नाही, ती मी ठेवून घेतली. तेव्हा मी तुला हुडकणं आता होणार नाही. हुडकायचं काम तुझ्याकडंच आलं, आणि त्याबद्दलही मला लाजच वाटते, इथंही सगळी हुडकाहुडक तुझ्याच गळ्यात होती. दोन ठिपके बघ. तुझ्याच हातचे आहेत, तुला लांबूनही कळतील. आणि या खेपेला मी कुणाच्या मागं लपून उभा राहणार नाही.

फातमाखाला गेली. मी कासमला बसवून सांगितलं, माझ्या वेळेला ही चादर, दुसरी नाही. कुणी कितीही चांगलं कापड आणलं तरी घ्यायचं नाही, लोक काय म्हणतील ते म्हणोत, मी केलं ते तू करू नकोस. त्यानं तुझी चादर माझ्या हातनं घेतली, ठिपक्यांचा कोपरा उलटा केला आणि त्यावरनं अंगठा फिरवला.

"अब्बा," तो म्हणाला, "ह्याला मागनं चिंधी न्हाई. तुमाला उतंल."

"उतू दे," मी म्हटलं.